एफवाय बीएस्सी बायोलॉजी : लेक्चर डोक्यावरून जातं आणि स्लाइडमध्ये काहीच दिसत नाही, काय करू?

चाळीतला_कांदा

नमस्कार. बरेच दिवस नुसती वाचतेय, आज पहिल्यांदा लिहितेय, लांबलं तर सांभाळून घ्या.

मी एफवायला आहे, बॉटनी मेजर आणि झूलॉजी मायनर. गाव निफाडकडचं, घरी कांदा. दहावीपर्यंत मराठी मिडीयम. अकरावी-बारावीला पुस्तकं इंग्लिश पण सर सगळं मराठीतच समजावायचे आणि आम्ही उत्तरं पाठ करायचो, मार्क बरे पडले आणि घरात सगळ्यांना वाटलं पोरगी हुशार आहे. प्रॅक्टिकल म्हणाल तर परीक्षेआधी पंधरा दिवस लॅबचं कुलूप निघालं, मायक्रोस्कोप एकच, तो सर फोकस करून ठेवायचे आणि आम्ही रेशनच्या लायनीसारखं एकेक जण डोळा लावून पुढे सरकायचं. काय दिसलं ते कोणी विचारलं नाही, मीपण सांगितलं नाही.

आता इथे मॅडम पीपीटी लावून इंग्लिशमध्ये बोलत जातात, मी स्क्रीनवरचं उतरवत असते तोवर पुढचं पान आलेलं असतं, तास संपला की वहीत नुसती अर्धी अर्धी वाक्यं. ते एक वेळ ठीक, झेरॉक्स मिळते. पण प्रॅक्टिकलचं काय करू? मागच्या गुरुवारी ओनियन रूट टिप होतं, म्हणजे कांद्याच्या मुळाच्या टोकातलं पेशीविभाजन बघायचं, मायटॉसिस. चारही फेज मला तोंडपाठ आहेत, झोपेतून उठवून विचारा. पण स्लाइडमध्ये नुसता गुलाबी चिखल. मग रूममधल्या ताईच्या जुन्या जर्नलातून चार सुबक पेशी काढल्या, पट्टीने लेबलं दिली. मॅडम आल्या, आकृती बघितली, म्हणाल्या छान आहे, आता यातली अॅनाफेज (गुणसूत्रं दोन टोकांकडे ओढली जातात ती अवस्था) मला मायक्रोस्कोपखाली दाखव. मी खूप वेळ शोधून जे फोकस केलं ते बघून म्हणाल्या, अगं हा हवेचा बुडबुडा आहे. पूर्ण बॅच हसली. मीपण हसले, पण रूमवर येऊन रडले, खोटं कशाला सांगू.

तर हे सगळ्यांचं होतं का मीच चुकीच्या साइडला आलेय? लेक्चर आणि प्रॅक्टिकल एकमेकांशी जुळवून अभ्यास कसा करायचा असतो? घरचे म्हणतायत अजून वेळ गेली नाही, डी फार्मला टाकू.

तिसरा_बाक

टीवाय झूलॉजी इकडे. बुडबुडा सगळ्यांनी दाखवलाय, जो नाही म्हणतो तो खोटं बोलतो. मी तर एफवायला स्वतःची पापणी अल्गा म्हणजे शेवाळ म्हणून काढली होती, आतल्या आडव्या पडद्यांसकट.

बुडबुड्याची ओळख सोपी, कडा एकदम गोल, जाड काळीभोर, आणि आत काहीच नाही. पेशी कधी एवढी नीटनेटकी नसते. कव्हरस्लिप वरून टपकन टाकली की बुडबुडे येणारच, एक कड आधी थेंबाला टेकव, दुसरी कड सुईवर धर आणि सुई हळूहळू खाली ने.

दुसरं म्हणजे सुरुवातीलाच ४५एक्सची लेन्स लावू नको. १०एक्सवर आख्खी स्लाइड फिर, जिथे बरं दिसतंय तो भाग मधोमध आण मग ४५. आयपीस १० चं म्हणजे तुला ४५० पट दिसतंय, त्यात स्लाइड केसभर सरकली तरी पेशी पसार. आणि लक्षात ठेव स्लाइड डावीकडे नेली की चित्र उजवीकडे जातं. पेपरातला 'क' कापून स्लाइडवर चिकटव आणि दहा मिनिटं नुसता फिरवत बस, हाताला सवय होते. आमच्या लॅबमधल्या मामांनी, म्हणजे लॅब अटेंडंटनी शिकवलेलं, सरांनी नाही.

उजेड जास्त असेल तर सगळं पांढरंफटक दिसतं. खाली कंडेन्सरला आयरिस डायफ्रामची छोटी दांडी असते ती थोडी बंद कर. निम्म्या मुलांना ती दांडी कशासाठी आहे हे टीवायपर्यंत कळत नाही.

आणि जर्नलचं टेन्शन घेऊ नको, सगळे कॉपी मारतात. परीक्षेत एक्स्टर्नलला (बाहेरून येणाऱ्या परीक्षकाला) पुस्तकातलीच आकृती लागते, ती काढ, सर्टिफिकेटवर सही घे, विषय संपला.

रानजाई

शेवटचा पॅरा सोडून वरच्या सगळ्याला अनुमोदन. विषय तिथे संपत नाही रे बाबा, तिथेच तर सुरू होतो.

मी बॉटनीत एमएस्सी केलंय, सायटोजेनेटिक्स (पेशीतल्या गुणसूत्रांचा अभ्यास) घेतलं होतं, म्हणजे दोन वर्षं कांद्याचीच मुळं ठेचत होते. तुला गुलाबी चिखल दिसला ना, तो का दिसला याची कारणं मोजकीच आहेत आणि प्रत्येक कारण म्हणजे तुझ्या लेक्चरमधला एकेक मुद्दा आहे. तुला कोणी तसं जोडून दाखवलं नाही एवढंच.

बघ. विभाजन मुळाच्या फक्त टोकाशी चालतं, शेवटचे दोनेक मिलिमीटर. त्याच्या वर पेशी नुसत्या लांब होतात, विभागत नाहीत. तू कदाचित सेंटिमीटरभर मूळ घेतलं असशील, रंगवलंस आणि टोक कुठलं ते विसरलीस. रंगल्यावर टोक जास्त गडद दिसतं कारण तिथे पेशी लहान आणि दाटीने, केंद्रकं जवळ जवळ. तेवढंच ठेव आणि बाकीचं ब्लेडने कापून फेकून दे. फेकायला जिवावर येतं पण फेक.

मग एचसीएल, म्हणजे हायड्रोक्लोरिक अॅसिड. प्रोसिजरमध्ये एक नॉर्मल एचसीएलमध्ये ६० डिग्रीला गरम करा असं लिहिलेलं असतं, आपण करतो. कशासाठी? पेशी एकमेकींना पेक्टिनने चिकटलेल्या असतात, मिडल लॅमेला म्हणून लेक्चरला येऊन गेलं असेल, ते ढिलं करायला. ते कमी झालं तर टॅपिंग कितीही करा, पेशी थरावर थर राहतात आणि दिसतो तो चिखल. जास्त झालं तर मूळ शिजलेल्या वांग्यासारखं होतं.

त्याच्या आधी फिक्सेशन, १ भाग ग्लेशियल अॅसेटिक अॅसिड आणि ३ भाग अल्कोहोल, साधारण दिवसभर. पेशी ज्या क्षणी जे करत होती तिथेच थिजते. म्हणजे तू स्लाइडमध्ये फिल्म बघत नाहीयेस, शेकडो वेगवेगळ्या पेशींचे एका क्षणाचे फोटो बघतेयस. हे डोक्यात बसलं की पुढचं उलगडतं. बहुतेक पेशी इंटरफेजमध्येच, म्हणजे दोन विभाजनांच्या मधल्या काळात दिसणार, कारण पेशी आपला बहुतेक वेळ तिथेच घालवते. बसस्टँडवर कधीही गेलं तरी उभ्या गाड्या जास्त आणि वळण घेणारी एखादीच दिसते ना, तसं. पुस्तकात चार फेजची चार चित्रं एकाच मापाची छापतात म्हणून आपल्याला वाटतं चारही सारख्याच सापडतील. अॅनाफेज सगळ्यात झटपट उरकते म्हणून ती सगळ्यात कमी सापडते. मॅडमनी नेमकी तीच मागितली, त्यांना माहीत होतं!

मुळं सकाळी कापायची. आम्ही ८ ते १० च्या मध्ये कापायचो.

स्टेन अॅसिटोकार्मिन असेल तर लोखंडी सुई वापर, स्टीलची नको. स्टेनच्या थेंबात सुईने मूळ ढवळलं की लोखंडाचा अंश उतरतो आणि गुणसूत्रं जास्त गडद उठतात. आमच्या डिपार्टमेंटला मामांनी एक गंजकी सुई जपून ठेवली होती, नवीन आलेल्या सरांनी ती कचऱ्यात टाकली तर मामा दोन दिवस बोलले नाहीत त्यांच्याशी. (आणि कार्मिन हा रंग निवडुंगावरच्या किड्यापासून काढतात, म्हणजे कांदा बघायला किडा लागतोच, झूलॉजीवाल्यांनी खूश व्हावं.)

टॅपिंग पेन्सिलच्या रबराकडच्या बाजूने, सरळ उभं, मग ब्लॉटिंग पेपरमध्ये धरून अंगठ्याने दाब. अंगठा आडवा सरकला की सगळं वाया.

आकृतीचं सांगते. जर्नलचं डावं पान कोरं असतं ते कशाला? जे दिसलं ते काढायला. वाकडी पेशी दिसली तर वाकडी काढ, खाली लिही ४५० पट. पुस्तकातली हवी तर शेजारी बारीक काढ. माझ्या जर्नलला पहिल्या वर्षी लाल शेरा होता, 'आकृती अस्वच्छ'. असू दे.

जुना_बेडूक

आजकालच्या पोरांना सगळं यूट्यूबवर मिळतं तरी रडारड. आमच्या वेळी प्रत्येकाला एक ट्रे, एक बेडूक, कॉलेज बाहेर येईपर्यंत हाताला फॉर्मॅलिनचा वास, आई जेवायला वेगळं बसवायची. तेव्हा शिकलो आम्ही. आता काय, चार्ट बघा, मॉडेल बघा, क्लिक करा, बेडूक उघडला. २०१४ ला यूजीसीने डिसेक्शन बंद केलं तिथेच झूलॉजी संपली.

तिसरा_बाक

काका बेडूक संपत आले म्हणून पण बंद केलं ना. आणि किती जणांनी खरंच बघून काढलेली आर्टेरियल सिस्टिम? सगळ्यांच्या जर्नलात सेम टू सेम बेडूक.

जुना_बेडूक

ते खरं आहे. माझी व्हीनस सिस्टिम मित्राच्या वहीतून उतरवलेली होती आणि त्याने उलटी काढली होती, दोघांनाही बोलणी बसली.

बरं पोरी, एक कामाचं सांगतो. बॉटनी आहे ना तुझी, खोडाचे सेक्शन म्हणजे पातळ काप कापायला येतील. हाताने कापायची सवय आत्तापासून लाव. खोड नाजूक असेल तर पपईच्या देठात नाहीतर बटाट्याच्या फोडीत खोचून धरायचं, ब्लेड आणि खोड दोन्ही ओलं ठेवायचं, ब्लेड करवतीसारखं पुढेमागे नाही, एका ओढीत स्वतःकडे. वीस कापायचे आणि त्यातला एक घ्यायचा. जो पाण्यावर दिसतसुद्धा नाही तो चांगला. अख्खा गोल सेक्शन मिळावा म्हणून पोरं जाड कापतात, अरे पाव तुकडा पातळ मिळाला तरी सगळं दिसतं त्यात. हे यूट्यूबवर बघून येत नाही, बोट कापूनच येतं.

चाळीतला_कांदा

बापरे एवढी उत्तरं! थँक्यू सगळ्यांना, रानजाई ताई तुमचं उत्तर मी वहीत उतरवून घेतलंय.

खरं सांगू का, हे 'का' कोणी बोललंच नव्हतं. प्रोसिजर म्हणजे मला रेसिपीसारखी वाटायची, मीठ चवीनुसार तसं एचसीएल चार थेंब.

मामांना विचारलं, ते म्हणाले मुळं तू घेऊन ये, बाकी मी देतो, शनिवारी लॅब रिकामी असते आणि मॅडमना पण सांगून ठेवतो. म्हणून रूमवर चहाच्या ग्लासवर कांदा ठेवला, पण पाच दिवस झाले एकपण मूळ नाही, आता खालून बुळबुळीत झालाय आणि वास मारतोय, रूमवाल्या ताईने अल्टिमेटम दिलंय. कांदेवाल्याची पोरगी असून कांद्याला मूळ फुटेना, हसू नका.

रानजाई

हसत नाहीये 😀 किती पाणी भरलंस? कांदा पाण्यात बसवायचा नाही, फक्त बूड पाण्याला जेमतेम टेकलं पाहिजे. ग्लासाचं तोंड मोठं असेल तर कांद्याला तीन टूथपिक टोच आणि कडेवर टेकव. बुडाची जुनी वाळकी मुळं ब्लेडने खरवडून काढ पण चकती कापू नको, नवीन मुळं तिथूनच येतात. पाणी रोज बदल. आणि कांदा कुठून आणला?

चाळीतला_कांदा

मेसजवळच्या दुकानातून. चांगला टणक, चकचकीत बघून घेतला.

रानजाई

तिथेच चुकलं. टणक चकचकीत खायला घ्यायचा. नुकता काढलेला कांदा झोपेत असतो, डॉर्मन्सी, काही आठवडे त्याला कितीही पाणी दाखव तो उठत नाही. आपल्याला पाहिजे कांदाचाळीत चार महिने पडलेला, कोंब डोकावायला लागलेला. असला कांदा दोन-तीन दिवसांत मुळं टाकतो.

भाकरी_आणि_बीकर

मध्येच बोलतो. कोंब येऊ नये म्हणून कांद्याला गॅमा किरणं देतात ते माहितीये ना, लासलगावलाच प्लँट आहे, बीएआरसीचं (भाभा अणुसंशोधन केंद्राचं) तंत्र, २००२ पासून. किरणांनी कांदा मरत नाही, पण कोंबाच्या टोकाशी जे पेशीविभाजन व्हायला पाहिजे तेच बंद पडतं. म्हणजे तुझं आख्खं प्रॅक्टिकल तुझ्या घरापासून हाकेच्या अंतरावर उलट्या बाजूने चालू आहे. लेक्चरला मॅडमना विचार यावर, वर्ग जागा होईल.

आता लेक्चरचं, कारण त्यावर कोणी बोललंच नाही. मीपण मराठी मिडीयमचा, मायक्रोबायोलॉजी केलं, पहिलं सेमिस्टर तुझ्यासारखंच गेलं. मी काय केलं तर दहावीचं विज्ञानाचं पुस्तक परत काढलं. लाज वाटली पण काढलं. त्यात सगळं आहे, पूर्वावस्था, मध्यावस्था, पश्चावस्था, अंत्यावस्था, तर्कुतंतू, गुणसूत्रबिंदू. मॅडम सेंट्रोमिअर म्हणतात तो गुणसूत्रबिंदू, स्पिंडल फायबर म्हणजे तर्कुतंतू, तर्कू म्हणजे सूत कातायची चाती, मधे फुगीर आणि दोन्ही टोकांना निमुळती, स्पिंडल पण तेच. मराठी शब्दात चित्र दडलेलं असतं आणि इंग्लिश शब्द परीक्षेत लिहायचा असतो, दोन्ही लागतात. माझ्या वहीत डाव्या मार्जिनमध्ये मराठी आणि उजवीकडे इंग्लिश असायचं, मित्र हसायचे, नंतर तेच झेरॉक्स न्यायला यायचे.

आणि पीपीटी उतरवायचं बंद कर. ते मिळणारच आहे. तासाला फक्त जे मॅडम बोलतात पण स्क्रीनवर नाहीये तेवढंच लिही, आणि जिथे हरवलीस तिथे नुसतं प्रश्नचिन्ह काढून पुढे जा. आदल्या रात्री धड्यातली फक्त आकृत्या आणि ठळक शब्द दहा मिनिटं चाळलं तरी शब्द कानाला ओळखीचे वाटतात, अर्धी लढाई तिथेच. मला वाटायचं इंग्लिश कळत नाही, खरं म्हणजे शब्द पहिल्यांदा ऐकत होतो म्हणून कळत नव्हतं. इंग्लिश मिडीयमवाल्यांनाही मेरिस्टेम म्हणजे काय ते जन्मतः माहीत नसतं.

खडू_आणि_डस्टर

उशिरा आलो. मी सीनियर कॉलेजला बरीच वर्षं शिकवलं, आता निवृत्त. तिसऱ्या बाकाने 'एक्स्टर्नलला पुस्तकातली आकृती लागते' म्हटलंय, मी एक्स्टर्नल म्हणून खूप फिरलोय त्यामुळे यावर बोलणं भाग आहे. हो, काहींना लागते. पण चाळीस जर्नलात चाळीस एकसारख्या मेटाफेज (मध्यावस्था) बघून आलेला माणूस एखाद्या पोरीने काढलेली वाकडीतिकडी खरी पेशी बघितली की खुर्चीत सरळ बसतो. ओरल तिथूनच सुरू होते आणि बरी जाते.

वर्गात मी गुणसूत्रांच्या संख्येची एक गोष्ट सांगायचो, इथे पण सांगतो. माणसाची गुणसूत्रं किती? ४६, सातवीतलं पोरही सांगेल. पण १९२३ साली पेंटर नावाच्या अमेरिकन शास्त्रज्ञाने वृषणाच्या ऊतीचे काप बघून ४८ सांगितली, आणि पुढची तीसेक वर्षं पुस्तकात ४८च छापलं जात होतं. तोपर्यंत कोणी मोजलीच नाहीत असं नाही हो! मोजली, आणि मोजणाऱ्यांना ४८च दिसली. मोजताना ४६ आली तर माणसाला वाटायचं दोन कुठेतरी खाली दबली असतील.

मग टी. सी. शू नावाचे एक जण टेक्ससला काम करत होते, त्यांच्या पेशी एकदा अचानक सुंदर पसरलेल्या दिसल्या, गुणसूत्रं सुटी सुटी. शोध घेतल्यावर कळलं की पेशी धुवायचं मिठाचं द्रावण चुकून पातळ झालं होतं. पाणी आत शिरलं, पेशी टम्म फुगल्या, आतली गुणसूत्रं मोकळी झाली. हे परासरण. तुम्ही रिओच्या पानाची जांभळी साल सोलून साखरेच्या पाण्यात ठेवता आणि आतला जांभळा रंग आक्रसताना बघता ना, त्याची उलटी बाजू. एफवायच्या पहिल्या महिन्यातलं प्रॅक्टिकल, पोरं कंटाळत करतात. तर शू यांच्याकडे इतकी उत्तम स्लाइड होती, आणि १९५२ मध्ये त्यांनी मोजून काय लिहिलं? ४८! स्लाइड नवीन आणि डोळ्यात पुस्तक जुनं.

शेवटी १९५५ च्या डिसेंबरात स्वीडनमध्ये लुंडला जो हिन त्यो यांनी ४६ मोजली, लेव्हानबरोबरचा त्यांचा पेपर १९५६ ला आला. आता तुझ्या कामाची गोष्ट. हा अल्बर्ट लेव्हान मूळचा कोण? कांद्याच्या मुळांवर काम करणारा वनस्पतीवाला. कोल्चिसीन नावाचं रसायन दिलं की तर्कुतंतू बनत नाहीत आणि पेशी मेटाफेजला अडकून पडते, हे त्याने कांद्याच्या मुळांत १९३८ ला तपासून छापलं होतं. तीच युक्ती आणि ते पातळ मिठाचं पाणी, दोन्ही त्यो यांनी माणसाच्या पेशींवर वापरलं. माणसाचा आकडा दुरुस्त झाला तो कांद्याची मुळं ठेचणाऱ्याच्या लॅबमध्ये. म्हणून रानजाई ताईंनी दोन वर्षं वाया घालवली असं कोणी समजू नये.

कांद्याची १६ आहेत, मोठी आणि थोडी, म्हणून तर तो दिलाय तुम्हाला. एखादी पसरलेली मेटाफेज मिळाली तर मोज. १४ आली तर वहीत १४ लिही आणि दोन कुठे गेली असतील ते शेजारी लिही.

रानजाई

सर, वाया नाही गेली, पण पगार देणारं कोणी म्हणेना तसं 😀

तिसरा_बाक

सर मी माझं वाक्य मागे घेतो. पण सही तर लागतेच ना.

चाळीतला_कांदा

अपडेट. थोडं मोठं आहे.

पप्पांना फोन केला की चाळीतला कोंब आलेला कांदा पाठवा. पप्पा आधी गप्प. मग म्हणाले, काय करायचाय? म्हटलं प्रॅक्टिकलला. म्हणाले, बाई, तू एवढी शिकतेस आणि कॉलेजला कोंबाचाच कांदा लागतो होय, मग व्यापारी का नाही घेत? दुसऱ्या दिवशी एसटीच्या कंडक्टरकडे पिशवी. दोन मागितले होते, सहा-सात किलो आले. मेसवाल्या काकू खूश.

टूथपिक लावून तीन ग्लास ठेवले. तिसऱ्या दिवशी सकाळी पांढरी मुळं, दोन सेंटिमीटर. शुक्रवारी नऊला कापली, मामांनी दिलेल्या फिक्सेटिव्हमध्ये टाकली, शनिवारी लॅब. मामांकडे पण गंजकी सुई आहे!! मी मागितल्यावर त्यांनी माझ्याकडे असं बघितलं की ही कोणाची पोरगी.

पहिली स्लाइड चिखल. दुसरी अंगठा सरकला. तिसऱ्या वेळी टोकाचं तेवढंच ठेवलं, बाकी फेकलं, डायफ्राम बंद केला, आणि १०एक्सवरच दिसायला लागलं की इथे केंद्रकं गोल नाहीयेत, काहीतरी दोरे आहेत. ४५ लावलं तर प्रोफेज, एकदम लोकरीच्या गुंड्यासारखी. मी मामांना ओरडूनच बोलावलं.

मग एका कडेने मोजत गेले, पेन्सिलने रेघा मारून. २१२ पेशी मोजल्या. इंटरफेज १८९, प्रोफेज १५, मेटाफेज ४, अॅनाफेज २, टेलोफेज २. म्हणजे विभाजनातल्या २३, मायटोटिक इंडेक्स १०.८ टक्के आला. दोन तास गेले, मान आखडली. अॅनाफेज फक्त दोन, आणि त्यातली एक तर इतकी तिरकी की पुस्तकात कोणी छापणार नाही, एक टोक वर आणि दुसरं फोकसच्या खाली. आधी मला ती दिसलीच नव्हती, फाइन फोकस हलवत गेल्यावर दुसरा अर्धा भाग वर आला. पेशीला जाडी असते हे मला तेव्हा कळलं, इतके दिवस कागदावरची पेशी चपटीच बघितली होती.

खडूसर, मेटाफेज मोजायचा प्रयत्न केला. एकात १३ पर्यंत गेले, मग दोन एकमेकांवर आहेत की एकच लांब आहे ते ठरेना. वहीत १३ लिहिलंय आणि पुढे प्रश्नचिन्ह.

सोमवारी मॅडमना डाव्या पानावरची तिरकी अॅनाफेज दाखवली. त्या बराच वेळ बघत बसल्या, म्हणाल्या स्लाइड आहे का अजून? मामांनी कडेला नेलपॉलिश लावून ठेवली होती, मॅडमनी स्वतः शोधली, पॉइंटर लावला आणि बॅचला बोलावलं. मग मला म्हणाल्या १८९ इंटरफेज म्हणतेस, त्यातल्या किती जी-वन (डीएनए दुप्पट व्हायच्या आधीच्या) आणि किती जी-टू (दुप्पट झाल्यानंतरच्या)? मी म्हटलं मॅडम ते दिसत नाही. म्हणाल्या बरोबर, मग पुस्तकवाल्यांना कसं कळलं? उद्या सांग.

तर आता हे कसं शोधायचं? धड्यात नुसतं लिहिलंय एस फेजला डीएनए दुप्पट होतो, कसं कळलं ते नाहीये.

रानजाई

अरे वा! पूर्ण उत्तर देत नाही, एक धागा देते. डीएनए तयार होताना पेशी जो कच्चा माल वापरते त्यात किरणोत्सारी थायमिडीन मिसळलं तर काय होईल? ऑटोरेडिओग्राफी शोध, लायब्ररीत सायटोजेनेटिक्सच्या कुठल्याही जुन्या पुस्तकात सापडेल. आणि हो, थायमिडीनच का, यूरिडीन का नाही, ते मॅडमनी विचारायच्या आधी तूच स्वतःला विचार.

भाकरी_आणि_बीकर

डी फार्मचं काय ठरलं मग?

चाळीतला_कांदा

पप्पा म्हणाले पुढच्या प्रॅक्टिकलला किती किलो लागेल ते आधी सांग, चाळीत कोंबाचा माल बराच आहे.